स्कूटर दोन हात पुढे लावा

देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी सकाळी साडेसातला पोह्यांची गाडी उभी राहते. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांची परात. पोहे वाफेवरच गरम राहतात, म्हणून त्यांना कधी कडकपणा येत नाही. मालक डाव्या हाताने द्रोण धरतो, उजव्या हाताच्या तीन बोटांनी जिरावण मसाला उचलतो आणि मनगट न हलवता नुसती बोटं चोळून तो भुरभुरवतो. मला ती तीन बोटं हवी होती. इंदूरहून पहिल्या बसने आलो होतो. बोटं कागदावर उतरू लागली, परात अर्धी झाली आणि माझ्या व गाडीच्या बरोबर मध्ये एक स्कूटर उभी राहिली. स्वार उतरला, त्याने पोहे मागवले, माझी वही पाहिली आणि म्हणाला, "भिया, फोटो ले लो ना, घर जाके बना लेना."

हा सल्ला मला धारमध्ये मिळतो, देवासमध्ये मिळतो, मांडूच्या जहाज महालासमोरही मिळतो. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, तरी मला त्याचा खरंच त्रास होतो. फोटोत एक क्षण येतो. रेखाटनाला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत मला कळतं की मालक नेहमीच्या गिऱ्हाइकाला न विचारता शेव जास्त घालतो, शाळकरी पोराला द्रोणाखाली कागद देतो. घरी फोटो समोर ठेवून काढलेल्या चित्रात हे येत नाही. जे मी पाहिलंच नाही ते कुठून येणार?

स्कूटर सव्वा तास हलली नाही. मी जागा बदलली, पण तिथून बोटं दिसत नव्हती.

चित्र काढायला बसलेला माणूस काम करत असतो, ही साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वजनकाट्यावर माल मोजणाऱ्याचा हात कोणी धरत नाही. माझ्या वहीचं पान मात्र मी रंग भरत असतानाच उलटलं जातं, मागचं पाहायला. ओल्या आभाळावर अंगठा उमटतो. "माझं काढा" म्हणून कुणी समोर बसतो, केस सारखे करतो, आणि ज्याच्यासाठी मी आलो होतो तो बाजाराचा मोकळेपणा तिथेच संपतो, कारण आजूबाजूचे सगळेच सावरून बसतात. मुलांचं मात्र मला वाईट वाटत नाही. मुलं श्वास रोखून बघतात आणि चूक बरोबर दाखवतात.

सगळ्यात जास्त लागलं ते एका सांस्कृतिक कार्यक्रमात. मला रेखाटनासाठी बोलावलं होतं. खुर्ची मिळाली शेवटच्या रांगेत, ध्वनिवर्धकाच्या मागे. तिथून मंचावरच्या गायिकेचा फक्त तानपुरा दिसत होता. मी तानपुरा काढला, प्रेक्षकांचे हात काढले, पंख्याखाली झोपलेले एक आजोबा काढले. शेवटी संयोजकांनी वही हातातून घेतली आणि पाहुण्यांना आठवण म्हणून नऊ पानं फाडून वाटली. मला विचारलं नाही. ती पानं आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

हे सगळं माळव्यात घडावं याचं दुःख वेगळं आहे. दे. द. देवळालीकरांनी इंदूरच्या चित्रशाळेत मुलांना उघड्यावर नेऊन निसर्ग रंगवायला लावला. ना. श्री. बेंद्रे त्याच शाळेचे. वसईचे रघुनाथ कृष्णराव फडके, गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे, धारला येऊन कायमचे धारकर झाले. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नीमचला जन्मलेले विष्णु श्रीधर वाकणकर 1957 साली रेल्वेतून जाताना दूरचे खडक पाहून उतरले आणि भीमबेटका जगापुढे आलं. तिथली चित्रं त्यांनी गुहेत बसून हाताने उतरवून घेतली. पाहत बसणाऱ्या माणसाची या मुलखाला जुनी ओळख आहे.

होळीच्या आधीच्या आठवड्यात धार जिल्ह्यात भगोरियाचे हाट भरतात. गेल्या वेळी एका हाटात मांदल वाजवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर मी बसलो होतो. मांदलचा पट्टा खांद्यावरच्या एकाच जागी घासून सदरा तिथे विरला होता, आणि त्याखाली त्याने घडी केलेला गमछा ठेवला होता. ते विरलेलं कापड मी काढत असताना मोबाईलवाल्या चार तरुणांनी वाजवणं थांबवलं. मुलींना रांगेत उभं केलं, "एक बार फिर से" म्हणत तीनदा नाचायला लावलं. म्हातारा मांदल गळ्यात घेऊन उन्हात उभा राहिला. माझं चित्र अपुरं राहिलं हे सोडून देऊ. त्याच्या हाटात त्याचाच ताल दुसऱ्यांनी थांबवला, हे मी सोडून देऊ शकत नाही.

येत्या भगोरियाला मी पुन्हा जाणार आहे, त्याच हाटात. तुम्हीही या. वही उघडून बसलेलं कुणी दिसलं तर मागे उभं राहून हवं तेवढं पाहा, फक्त कागदावर सावली पडू देऊ नका. पान उलटण्याआधी विचारा, मी स्वतः दाखवीन. वाजवणाऱ्याला थांबवू नका. आणि स्कूटर कृपा करून दोन हात पुढे लावा.