एका खोक्यात पाच संसार

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, हे छोट्या कारखान्याला कळतं ते डिस्क कुरकुरायला लागल्यावर. मग नवा सर्व्हर येतो आणि त्याच्या पोटात आभासी यंत्रं किती, यावर बैठक बसते. शेठ म्हणतात, "एवढे पैसे मोजलेत, प्रत्येकाला वेगळं मशीन द्या." टॅलीला एक, फायलींना एक, हजेरीला एक, डोमेन कंट्रोलरला एक, आणि एक "असू दे, लागेल" म्हणून. स्टँडर्ड परवान्यात विंडोजची दोनच आभासी यंत्रं चालवता येतात. तिसऱ्यासाठी सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा घ्यावा लागतो. हे सांगणारा बैठकीत अपशकुनी ठरतो.

डिस्कची वाटणी खरी बघण्यासारखी. थिन प्रोव्हिजनिंग नावाची एक सोय आहे: दोन टीबीच्या डिस्कवर पाच टीबीचं आश्वासन देता येतं, आणि सगळे एकदम मागायला येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. पतपेढीच्या संचालकांना हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही.

बॅकअपचा विषय निघतो चहा संपल्यावर. "रेड आहे ना?" आहे. एक डिस्क गेली तर दुसरी सावरते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून तितक्याच निष्ठेने पुसली जाते. अखेर बॅकअपही त्याच सर्व्हरवर ठेवायचं ठरतं. बाहेरची डिस्क पुढच्या आर्थिक वर्षात बघू. शेठच्या केबिनचा एसी मात्र याच बैठकीत मंजूर.