ताळेबंद आणि लोचो

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात मी 22 वर्षं लोकांच्या वह्या लिहितोय. गेल्या दिवाळीनंतर एका मार्केटची लिफ्ट बंद पडली आणि नेमकं त्याच दिवशी शेठनी मला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठड्याला टेकून बाजाराचं निरीक्षण करण्याचं सोंग करत होतो, तेवढ्यात एक हमाल पाठीवर साड्यांचं पोटलं घेऊन शेजारून वर गेला. मी वर पोचायच्या आत तो रिकामा खाली उतरला आणि दुसरं पोटलं घेऊन पुन्हा मला मागे टाकून गेला. हे करताना कानाशी फोन धरून तो गावाकडच्या कुणाशी तरी कडाकडा भांडत होता. वर पोचल्यावर शेठ म्हणाले, "तमारा शिवाजी महाराज आखुं सुरत लूंटी गया, ने तमाराथी त्रण माळ नथी चढाता?"

सुरतेत मराठी माणसाच्या वर्मी लागायला एवढं वाक्य पुरतं. त्याच संध्याकाळी मी उधन्यातल्या एका जिममध्ये वर्षाचे पैसे भरून टाकले.

जिममधल्या पोरानं पहिलाच प्रश्न केला, "काका, पहेलां वेट के पहेलां कार्डियो?" मला बरं वाटलं. म्हणजे इथेही दोन बाजू होत्या आणि त्या जुळवायच्या होत्या. पोरगा समजावू लागला, मी मनात भाषांतर करू लागलो. चालणं, पळणं, सायकल हा रोजमेळ. हृदय आणि फुप्फुसं यांचा रोजचा व्यवहार त्यावर चालतो. वजनं उचलणं ही मुदत ठेव. तिशी ओलांडली की दर दहा वर्षांनी अंगातले 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात, असं तो म्हणाला. तो याला 'मसल लॉस' म्हणतो. आमच्या वहीत याला घसारा म्हणतात, आणि घसारा धरला नाही तर यंत्र कागदावर नवं दिसतं आणि एक दिवस दुसऱ्या मजल्यावर बंद पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेबही त्यानं सांगितला. मोठ्या माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा. मध्यम म्हणजे किती? तर बोलता यावं, पण गाता येऊ नये. मला एरवीही गाता येत नाही, त्यामुळे निम्मी परीक्षा मी जागच्या जागी पास झालो.

घरी येऊन मी कालनिर्णयच्या पानावर लाल पेनानं आठवडा आखला. सोमवार-गुरुवार वजनं. मंगळवार, शुक्रवार, शनिवार पन्नास-पन्नास मिनिटं झपझप चालणं. बुधवारी विश्रांती. बेरीज बरोबर 150. बायकोनं पान पाहिलं आणि विचारलं, "आणि रविवारी?" मी म्हटलं, "रविवारी शिल्लक पुढे ओढायची."

सोमवारी पोरानं माझ्याकडून बैठका काढून घेतल्या. मंगळवारी पाय थोडे कुरकुरले. बुधवारी त्यांनी सरळ संप केला. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येतं, हे मला पाटावर जेवायला बसल्यावर कळलं. बसलो सहज. उठायची वेळ आली तेव्हा ताट उचललं गेलं, पाट उचलला गेला, मी तिथेच होतो. "अहो, हात देऊ का?" बायकोनं विचारलं. हात दिलाही, पण त्याआधी मुलीला बोलावून दाखवलं.

गुरुवारी माझ्या हाती व्यायामाचा इतिहास लागला. 1980 मध्ये रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकी संशोधकानं एक प्रयोग छापला. हा मूळचा वजनं उचलणारा गडी. आपल्या प्राध्यापकांबरोबर रोज पळायला जाऊ लागला आणि कमावलेलं अंग उतरू लागलं, तेव्हा त्यानं तीन गट केले : एक नुसता वजनांचा, एक नुसता दमसासाचा, एक दोन्हींचा. दहा आठवड्यांच्या प्रयोगात दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी घसरली. वाचून मी हर्षभरित झालो. चालणं ताबडतोब बंद! स्नायू धोक्यात घालण्यात काय अर्थ?

जिममधल्या पोरानं शांतपणे विचारलं, "काका, कया स्नायू?"

मग त्यानं उलगडा केला. हिक्सनची माणसं आठवड्यातून 5 दिवस वजनं आणि 6 दिवस दमसास करत होती, तेही जीव तोडून. आपल्यासारख्यांनी दोन दिवस वजनं उचलून तीन दिवस चाललं, तर एक दुसऱ्याचं काही खात नाही. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर वजनं आधी, चालणं नंतर. आणि पायांच्या बैठका काढल्या की दुसऱ्या दिवशी धावायचा हट्ट धरू नये.

शेठना काय उत्तर द्यायचं, तेही मला तेव्हा सुचलं. जानेवारी 1664 मध्ये महाराज सुरतेवर आले ते अचानक, घोडदौड करत, हा दमसास. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्यांदा आले आणि लुटीचं ओझं घेऊन परतताना वाटेत दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेशी लढले, वर लूटही सांभाळली. दमसास आणि ताकद एकाच फेरीत. पण त्यांच्या आठवड्यात सुरतेचा रविवार नव्हता.

'सुरतनुं जमण' आणि काशीचं मरण, अशी इथली म्हण आहे. सुरतेचा रविवार लोचोनं सुरू होतो. खमण जमता जमता बिघडलं, त्याचा लोचा झाला आणि तोच खपला, असं इथे सांगतात. वाफाळत्या लोचोवर तेल, मसाला, शेव, कांदा. बटर मागितलं तर तेही. माझी 150 मिनिटं पहिल्या बशीत वितळली. त्यात कोजागरीला मराठी म्हणून आटीव दूध प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला सुरती म्हणून तुपात न्हालेली घारी खायची. दोन संस्कृतींचा वारस असण्याचं दुःख कमरेला कळतं.

फेब्रुवारीत पोरानं नवा प्रकार शिकवला, 'फार्मर्स वॉक'. दोन्ही हातांत वजनं लटकवायची, पाठ ताठ ठेवायची आणि चालायचं. मला वीस पावलं जमलं.

त्याच आठवड्यात ताप्ती लाइनच्या गाडीनं अमळनेरहून आई आली. उधना स्टेशनवर ती उतरली तेव्हा एका हातात भरताच्या वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कळण्याच्या पिठाची. पाठ ताठ. वय 74. मी पिशव्या घ्यायला धावलो. तिनं एकच दिली, दुसरी सोडली नाही. पूल चढताना ती गावातली दोन लग्नं, एक भांडण आणि कापसाचा भाव सांगत होती. मी "हं" म्हणत होतो. वरच्या पायरीवर तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे पोर्‍या, इतका कसाले हाफी राहिना?"

ही खरी शेतकरीण. तिच्या चालण्याची नक्कल शिकायला मी वर्षाचे पैसे भरले होते.

रात्री भरीत-भाकरी खाऊन मी कालनिर्णय उघडलं. आजचं चालणं कुठल्या रकान्यात मांडावं, कळेना. वजन होतं, दमसास होता, बोलणंही होतं. गाणं तेवढं आईच्या बाजूला शिल्लक होतं. द्विनोंदी पद्धतीत एकच व्यवहार दोन खात्यांत जातो, हे मी 22 वर्षं लिहीत आलो होतो. लाल पेन घेतलं आणि दोन्ही रकान्यांत एकच नोंद टाकली : 'आईला स्टेशनवरून आणलं.'