डेकवाले काका

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात बंगला बांधायला येणाऱ्यांचे प्रकार पुष्कळ. कुणाला पोहण्याचा तलाव हवा असतो, कुणाला क्रिकेट खेळता येईल एवढी हिरवळ. डेकवाले काका या सगळ्यांत सोज्वळ. घरापुढे लाकडी डेक, त्यावर वेताच्या दोन खुर्च्या, समोर डोंगर आणि हातात चहा, एवढीच त्यांची मागणी. बंगला उभा राहून काही पावसाळे उलटले. खुर्च्या आल्या, चहाही वेळेवर येतो. डेक अजून ठरतो आहे.

काका बँकेतून निवृत्त. इतरांच्या कर्जाच्या कागदांत खोट शोधण्यात हयात गेली, ती नजर आता लाकडावर स्थिरावली आहे. गाडीच्या डिकीत स्टेपनीच्या उरावर फळ्यांचे नमुने असतात. तुम्ही फाटकापाशी दिसलात की ते एक तुकडा हातात ठेवून विचारतात, "काय वाटतं?" तुम्ही "छान" म्हणालात की दुसरा ठेवतात. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा ते आधी वाकून स्टेजची फळी टिचकीने वाजवतात, मग नवरानवरीकडे वळतात.

आयपे नावाचं ब्राझीलकडचं लाकूड त्यांचं पहिलं प्रेम. इतकं जड की पाण्यात बुडतं. काका ते बादलीत टाकून दाखवतात. तुकडा तळाला जातो आणि काकांची मान वर होते. भाव ऐकल्यावर मात्र काकाही तळाला गेले. मग पाइन आलं. त्यात दाब देऊन तांब्याची रसायनं मुरवलेली असतात, त्यामुळे वाळवी लागत नाही म्हणे. पण कापलेल्या टोकाला पुन्हा औषध लावावं लागतं, हे कळताच काकांनी फाइल परत पाठवली. नंतर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून होणारी डब्ल्यूपीसीची फळी. कुजत नाही, पॉलिश मागत नाही. फक्त उन्हात तापते. काका एप्रिलच्या भर दुपारी त्यावर अनवाणी उभे राहिले. चाचणी निर्णायक ठरली. पुढचा आठवडाभर ते घरात मोजे घालून वावरत होते.

शेवटी गाडी सागवानावर आली. इथे काकांकडे पुरावाच होता. "कार्ल्याच्या लेण्यात जा. चैत्यगृहाच्या छताला सागाच्या कमानी आहेत. दोन हजार वर्षं झाली, जागच्या हलल्या नाहीत!"

गावचा सुतार पट्टी गुंडाळत होता. तो म्हणाला, "साहेब, त्यांच्या डोक्यावर अख्खा डोंगर हाय."

काका गप्प झाले. हे क्वचित घडतं, म्हणून सुतारानं संधी साधली. "फळी वरनं दिसती, कुजती खालनं. खाली वारं खेळू द्या, दोन फळ्यांत फट ठेवा, पानी थांबू देऊ नका. आन् आधी वर पत्रा घाला. मग खाली काय बी टाका."

मी पूर्णपणे सुताराच्या बाजूने आहे. लोणावळ्याच्या या टापूत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. त्या दिवसांत उघड्या डेकवर शेवाळ बसतं. डोंगर धुक्यात जातो. खुर्चीतला माणूस चहा प्यायला लागला तर कप रिकामा होतच नाही. मावळातल्या जुन्या घरांना म्हणूनच पडवी असते: उतरतं कौल, खाली ओटा, पावसाच्या बाजूला झड अडवणारी ताटी. मी हे काकांना सुचवलं. "पडवी?" ते दुखावून म्हणाले, "पडवी आमच्या आजोळी होती. त्यासाठी का इथे प्लॉट घेतला?"

काकू या चर्चेत भाग घेत नाहीत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पत्र्याची पाखी आणि कडाप्प्याची पायरी आहे. तिथे बसून त्या इंद्रायणी तांदूळ निवडतात, बंगला राखणाऱ्या मावशींशी बोलतात. दोघींना तिथून डोंगरही दिसतो. काकांचा चहा रोज तिथेच होतो. मात्र ही व्यवस्था ते 'तात्पुरती' मानतात.

यंदा मे अखेरीस त्यांचा फोन आला. आवाजात निश्चय होता. "ठरलं. सागवान घेतोय, आणि पावसाळ्यात वर ताडपत्री."

मी मनापासून अभिनंदन केलं.

"ते राहू द्या," काका म्हणाले, "अडीचशे जीएसएमची घेऊ की तीनशेची? दोन्हींचे नमुने गाडीत आहेत, घेऊन येतो."