मधला माणूस जेवायला गेलाय

सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी एक सब-ब्रोकर बसायचे. शेअर घ्यायचा तर त्यांना फोन करावा लागे. फोन एंगेज असे. लागलाच तर पलीकडून पोऱ्या सांगे, "साहेब जेवायला गेलेत." साहेब जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून परत येईपर्यंत भाव तरी उतरलेला असे, नाहीतर आपली हौस तरी फिटलेली असे. या गृहस्थांच्या जेवणाने माझे किती पैसे वाचवले, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. उलट दलाल म्हणून शिव्याच घातल्या.

माझ्या भाच्याने ही अडचण कायमची मिटवली आहे. पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये जो हल्ली लांबतच चाललेला काळ असतो, त्यात त्याने डे-ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. "मामा, हे डायरेक्ट आहे. मध्ये कुणीच नाही." माळ्यावरच्या खोलीत दोन मॉनिटर, त्यावर हिरव्या-तांबड्या कॅंडल आणि शेजारी उदबत्ती. एफ-वन दाबलं की खरेदी, एफ-टू दाबलं की विक्री. दोन्ही बटणं एकमेकांना खेटून. 2012 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या एका ब्रोकरच्या टर्मिनलवरून चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी बघता बघता 15 टक्क्यांहून अधिक कोसळला. भाच्याकडे तेवढं भांडवल नाही, ही देशाची पूर्वपुण्याई.

बाजार सव्वानऊला उघडतो. लॉगिन केलं की आधी एक चौकट येते. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ जण तोट्यात जातात, असं तीत लिहिलेलं असतं. 2023 च्या जुलैपासून सेबीच्या हुकमाने ब्रोकरना ती दाखवावीच लागते आणि 'वाचलं' म्हणून बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाच्याची दिवसातली सर्वात वेगवान क्लिक हीच. त्याचं म्हणणं असं, की आपण ऑप्शन्स करतच नाही, साधं इंट्राडे करतो. त्याचाही अभ्यास सेबीने केलाय म्हटलं. रोखीच्या बाजारात रोजच्या रोज घेऊन विकणारे दहापैकी सात जण 2022-23 मध्ये तोट्यात होते, आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत दहापैकी आठ. "म्हणजे बघा, दोघं तरी नफ्यात आहेत ना!" असा जबाब आल्यावर मामाने काय बोलायचं?

डायरेक्टचं म्हणाल तर, थेट बाजारात ऑर्डर टाकायची खरी सोय सेबीने 2008 मध्ये दिली ती बड्या संस्थांना. त्यांची यंत्रं वांद्रे-कुर्ला संकुलात शेअर बाजाराच्या अंगणातच ठाण मांडून बसतात आणि मायक्रोसेकंदांत बोलतात. आमच्या माळ्यापासून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशालासुद्धा तिथे पोचायला जवळजवळ दोन मिलिसेकंद लागतात, आणि भाच्याची ऑर्डर काही प्रकाशासारखी सरळमार्गी नाही. ती आधी ब्रोकरच्या सर्व्हरला जाते, तिथे मार्जिन तपासलं जातं, मग पुढे. थोडक्यात, मधला माणूस कुठेही गेलेला नाही. फक्त आता तो जेवायला जात नाही. प्रत्येक ऑर्डरमागे वीस-एक रुपये कापून घेतो आणि रात्रंदिवस जागा असतो. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: तोट्यातल्या मंडळींनी तोट्याच्या 57 टक्के इतकी रक्कम वर खर्चापायी घातली. बुडण्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, असा हा प्रकार.

मला सर्वात आवडलेला आकडा मात्र वेगळाच. अविवाहित ट्रेडरांपैकी 75 टक्के तोट्यात, विवाहितांपैकी 67 टक्के. सेबीने कारण दिलं असेल-नसेल, मला ते आमच्या स्वयंपाकघरातून स्वच्छ दिसतं. विवाहिताच्या ऑर्डरीत विलंब असतो. बोट एफ-वनवर गेलं, की आतून "अहो, गॅस बंद करा" अशी हाक येते. परत येईपर्यंत ब्रेकआउट होऊन गेलेला असतो, आणि पैसे खात्यातच राहतात. बायकांमध्ये तर तोट्यात जाणाऱ्यांचं प्रमाणच पुरुषांहून कमी. मी हे सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे कळायला सरकारला अभ्यास करावा लागला?"

गेल्या गुरुवारी दहाच्या सुमाराला लाइट गेली ती साडेतीनला बाजार बंद झाल्यावर आली. वायफाय गेलं, माळ्यावर मोबाइलला रेंज नाही, आणि गॅलरीत उभं राहून ट्रेडिंग करणं भाच्याच्या प्रतिष्ठेत बसत नाही. त्या दिवशी एकही सौदा झाला नाही. महिन्यातला त्याचा हा एकमेव बिनतोट्याचा दिवस, हे मी त्याला दाखवून दिलं. त्याने त्यातून भलताच धडा घेतला. इन्व्हर्टर घ्यायचा ठरवला आणि पैशासाठी तडक खाली आईकडे गेला.

माझी बहीण भाकऱ्या थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबांना विचार. आत्ता नको, जेवायला बसलेत."