पोचिंकी पाठ, लोणार ऑप्शनला

२०२० साली ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा गेम आला आणि पडद्यावर तलवार फिरवून दमलेल्या मंडळींना जपानमधलं खरं त्सुशिमा बेट बघायची हुक्की आली. तिथल्या प्रशासनाने २०२१ मध्ये गेमच्या दिग्दर्शकांना चक्क पर्यटनदूत नेमलं. आमचा बुलढाणा जिल्हा एवढा नशीबवान नाही. इथल्या पोरांना पबजीतल्या पोचिंकीचं घरन् घर ठाऊक. ते गाव पृथ्वीवर नसल्याने एसटी तेवढी सुटत नाही.

खरं तर आमच्या जिल्ह्यातल्या लोणारला गेमवाल्यांनी नवं काही रचायचं शिल्लकच नाही. आकाशातून कोसळलेल्या अशनीने बेसाल्टमध्ये पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, कथेत लवणासुर, त्याचा वध करणारा विष्णू आणि वर गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ. जून २०२० मध्ये तर पाणीही गुलाबी झालं. एवढे ग्राफिक्स निसर्ग फुकटात देतो, आणि आमचे लोक कठड्यावरून सेल्फी काढून शेगावच्या कचोरीकडे वळतात!

पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्येच ‘राजी’ हा गेम काढला. त्यात देव आहेत, असुर आहेत. वास्तू मात्र राजस्थानी धाटणीच्या. अहो, असुर आमच्याकडे पडूनच होता की! पुढच्या गेमच्या वेळी समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरा. तिथून लोणार जवळच आहे.