दोन बोटं सनस्क्रीन

चेहरा आपल्या मालकीचा खरा, पण त्याचा उपभोग बहुतेक वेळ दुसरेच घेतात. आपली आणि त्याची गाठ पडते ती आरशात, तीही कामापुरती. दाढी करताना, भांग पाडताना, नाहीतर दातांत कोथिंबीर अडकल्याचा संशय आल्यावर. लांबच्या नातेवाइकाकडे लग्नपत्रिका द्यायला जावं आणि उंबऱ्यातूनच ‘येतो हं, अजून बरीच घरं राहिलीत’ म्हणून निघावं, तेवढाच हा परिचय. पन्नाशीपर्यंत त्यावर भागतं. मग एके दिवशी लिफ्टच्या आरशात कुणीतरी ओळखीचं दिसतं, थोडं रापलेलं, थोडं रागावलेलं, आणि आपण दोघं एकाच मजल्यावर उतरतो.

माझी भाची त्वचारोगशास्त्रात एमडी करते आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि न्हाणीघरातून बाहेर येताना हातात साबणाची वडी घेऊनच आली, पोलिसांनी मुद्देमाल आणावा तशी. “मामा, हा तू तोंडालाही लावतोस?” आता साबण अंगाचा वेगळा नि तोंडाचा वेगळा, ही वर्णव्यवस्था आमच्या घरात कधी शिरलीच नव्हती. एक वडी, तिच्यामागे सहा माणसं, आणि ती झिजून चपटी झाली की नव्या वडीच्या पाठीवर चिकटवलेली, अशा संसारातून आम्ही आलो. भाचीने औषधांच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: सकाळी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. मी कागद उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं होतं, यादी किराण्याएवढी असेल. “बस?” “बस. नवशिक्याला एवढंच. सीरम-बिरम पुढे बघू, आणि बहुधा लागणारही नाही.” माझी थोडी निराशाच झाली. माणूस एकदा नटायचं ठरवतो, तेव्हा जरा अवघड काहीतरी असावं, असं त्याला वाटतंच.

साबणावरचा तिचा राग मात्र सकारण होता. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण पाचच्या आसपास. वडीचा साबण अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरात. चेहरा धुतल्यावर गाल आवळल्यासारखे होतात, त्याला आपण आजवर स्वच्छता समजत आलो. ती त्वचेची तक्रार असते. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर हा मेलेल्या पेशींचा. विटा रचाव्यात तशा त्या एकावर एक, मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. शास्त्रज्ञ स्वतःच या थराला विटांची भिंत म्हणतात. ही सगळी भिंत कागदाहून पातळ. आतलं पाणी आत आणि बाहेरचं जग बाहेर ठेवण्याचं काम ती करते, आणि कडक साबण नेमका तिच्या फटींतला चुनाच धुऊन नेतो. मॉइश्चरायझर म्हणजे त्या फटी लिंपणं. त्यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं आणि तेलकट भाग त्यावर झाकण घालतो. म्हणून तोंड पुसून कोरडंठक्क होण्याआधी, जरा ओलसर असतानाच ते लावायचं.

या भिंतीविषयी मी बरेच दिवस विचार करत होतो. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत मरते, वर येऊन काही काळ पहारा देते आणि गळून पडते. तरुणपणी हा प्रवास साधारण महिन्याभराचा, वय वाढलं की त्याला आणखी वेळ लागतो. म्हणजे रोज सकाळी मी ज्यांच्यावरून इतक्या हळुवार हाताने बोटं फिरवतो, ते सगळे आधीच दिवंगत असतात. गेल्या पाडव्याला ज्यांना क्रीम लावलं, त्यांच्यातला एकही आज हजर नाही. कुणी उशीच्या अभ्र्यावर, कुणी पुस्तकांवरच्या धुळीत. त्यांच्या जागी आलेले नवे लोक मात्र नाक तेच, सुरकुत्या त्याच आणि तीच नाराजी चालवतात. सरकारी खात्यातसुद्धा बदल्यांनंतर कारभार इतका जशाचा तसा राहत नाही.

“तेलकट सनस्क्रीन किंवा मेकअप उतरवायचा असेल तर आधी तेलाने पुसतात आणि मग फेसवॉश लावतात. डबल क्लेन्झिंग. कोरियन पद्धत आहे, तुला नको,” भाची म्हणाली. मला एकदम माझी आजी दिसली. नरक चतुर्दशीची पहाट, बंबात धूर, पाटाखाली रांगोळी, आणि कोमट तेल चोळणारे तिचे हात. आधी तेल, मग उटणं, मग कढत पाणी. क्रम अगदी तोच. उटण्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा आणि चंदनाची आशा. (चंदन इतकं थोडं असे की ते आहे यावर श्रद्धा ठेवावी लागे.) पायरी चुकलेली आजीला खपत नसे. झोपेत कुणी उटण्याला आधी हात घातला, की त्या हातावर चापट बसे. ती हे भाचीला सांगू शकली असती, तर दोघींचं एका गोष्टीवरून बिनसलं असतं. आजीचा विश्वास खरखरीत घासण्यावर होता. कातडी लाल झाली नाही तर तिला मळ निघाल्यासारखं वाटत नसे. भाची म्हणते, चेहऱ्याला चोळायचं नसतं, बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट फिरवायचं आणि टिपायचं. लिंबू तर चेहऱ्याच्या जवळही आणायचं नाही, रस लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. आणि नवीन काही आणलं तर एका वेळी एकच, तेही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-चार दिवस लावून बघायचं. आमच्याकडे नव्या सुनेलाही इतकं पारखून घेत नसत.

घरात प्रसाधनं नव्हती असं नाही. आत्याच्या कपाटात अफगाण स्नोची निळी बाटली असे. १९१९ पासून मुंबईत तयार होणारं हे स्नो आत्या लग्नकार्यालाच उघडायची, आणि ते उघडलं की घरभर नटण्याचा वास. खोबरेल होतं, कैलास जीवन होतं. ते भाजण्यापासून भेगांपर्यंत सगळ्याला चाले. थंडीत आई आम्हां भावंडांना ओळीने उभं करून कोल्ड क्रीम लावायची. बोटाने बाटलीतून काढायची, तळहातांवर पसरायची आणि आमचे गाल, नाक, हनुवटी असं भराभर फासत जायची. रांग संपली की तळहातांना जो ओशटपणा उरलेला असे, तो ती स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायची, जाता जाता, गॅसकडे वळताना. तिने स्वतःसाठी बाटलीत बोट घातलेलं मला आठवत नाही. तिचं स्किनकेअर म्हणजे आमच्याकडून उरलेलं. तरी तिची कातडी ऐंशीतही माझ्यापेक्षा मऊ आहे. भाची याचं कारण आनुवंशिकता सांगते, आणि आयुष्यभर डोक्यावरून घेतलेला पदर.

कारण खरी गोम उन्हात आहे. या तीन पायऱ्यांतली एकच ठेवायची म्हटली, तर भाची सनस्क्रीन ठेवेल. त्याचं माप बोटांचं: तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत, एकेक रेघ. चेहरा आणि मान यांना तेवढं लागतंच. मी आपला वाटाण्याएवढं घ्यायचो, मध्यमवर्गीय वाटाणा. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. एसपीएफ ३० म्हणजे भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ला ९८ टक्के. पण हे आकडे पुरेसं लावणाऱ्यांसाठी. उन्हात असलं तर दर दोन तासांनी पुन्हा. घरात बसतो म्हटलं तरी सुटका नाही, कारण त्वचा म्हातारी करणारे यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतून आत येतात. खिडकीजवळची माझी लिहायची जागा मी मोठ्या हौसेने निवडली होती. साहित्यसेवेने माझा फक्त डावाच गाल रापला आहे, हे त्या दिवशी कळलं.

दोन बोटं भरून घेतलेलं सनस्क्रीन मुरेपर्यंत माणूस दशावतारातल्या पात्रासारखा दिसतो. त्या अवस्थेत मी गॅलरीत गेलो. आई कोवळ्या उन्हात मेथी निवडत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. “काय रे, नाटकात-बिटकात घेतलंय का तुला?” मी तिला सगळं सांगितलं, विटा, चुना, काचेतून येणारं ऊन. तिने ते गंभीरपणे ऐकलं आणि मेथीचे हात पदराला पुसून पुढे केले. मी तिच्या दोन बोटांवर दोन रेघा ओढल्या. “एवढं? एवढ्यात अख्खं घर होईल की!” तिने त्यातलं ठिपकाभर आपल्या कपाळाला लावलं, आणि मी काही म्हणायच्या आत उरलेलं सगळं माझ्या कानांना. “कान राहिलेत तुझे.”

कान खरंच राहिले होते. भाचीही म्हणते, लोक कान विसरतात.

मग आईने किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली. त्या अर्ध्यावरही तिने वर्षभराच्या खोबरेलाचा हिशेब मांडला, ट्यूब उन्हाकडे धरून आत किती उरलंय ते पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि आपल्या गोळ्यांच्या डब्यात ठेवून दिली. “तुला लागेल तेव्हा माग,” ती म्हणाली. “आणि हे बघ, तिला फोन करशील तेव्हा विचार, हाताच्या पाठीला हेच चालतं, का त्याला वेगळं असतं काही?”