चिंचोक्यांची पावती

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला शैक्षणिक साहित्य बनवण्यासाठी अनुदान मिळे: वर्षाला 500 रुपये. एवढ्यात वर्गात काय ती कल्पकता फुलवायची. गुरुजी चिंचोके, काड्या, बाटल्यांची बुचं जमवून गणित शिकवत. पण चिंचोक्यांची पावती कोण देणार? त्यापेक्षा दुकानातला छापील तक्ता बरा, त्याला पक्कं बिल मिळतं. मग साठा नोंदवहीत नोंद, केंद्रप्रमुखांची सही आणि तक्ता कुलपात (मुलं हात लावतात हो!). 2018 साली समग्र शिक्षा अभियान आलं. अनुदान शाळेच्या नावे एकत्र झालं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी राखले गेले. खराट्याचं बिल मात्र कुठलाही दुकानदार हसत देतो.